हाड मोडलंय हे एआय सांगेल, पण रुग्णाला फोन कोण करणार?



"सर, एआयमध्ये काहीतरी करायचंय, काय करू?" हा प्रश्न आता प्रत्येक बॅचमध्ये येतोच. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दोनच चित्रं असतात. एक, स्वतःचं सॉफ्टवेअर बनवायचं आणि फंडिंग घ्यायचं. दोन, दुसऱ्याचं सॉफ्टवेअर कमिशनवर विकायचं. पहिल्याला भांडवल पुरत नाही आणि दुसऱ्यात तुमचं स्वतःचं असं काही उरत नाही. उद्या कंपनीने थेट ऑनलाइन विकायला सुरुवात केली की तुम्ही बाहेर.

या दोन्हींच्या मधे एक तिसरी जागा आहे. आज ती आपण एका अशा क्षेत्रातून समजून घेऊ जिथे चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत, माणसाचा हात किंवा पाय जातो. विषय आहे हाडांचे उपचार आणि त्यात आलेलं एआय.

आधी अडचण समजून घ्या, मशीन नंतर

पुण्यात हाडांच्या डॉक्टरांना काम कमी नाही. हे दुचाकींचं शहर आहे. पावसाळ्यात गाडी घसरते, चाकण-भोसरीच्या शॉपमध्ये बोट प्रेसखाली येतं, साइटवर स्लॅबवरून मजूर पडतो, आजी बाथरूममध्ये घसरतात. मोठी हॉस्पिटलं इथे भरपूर आहेत. पण अपघात काही वेळ आणि पत्ता बघून होत नाही. रात्री साडेदहाला उपनगरातल्या एखाद्या 15-20 बेडच्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे निघतो, तो ड्युटीवरचा तरुण डॉक्टर बघतो, गोळी देतो आणि "काही दिसत नाहीये, घरी जा" असं सांगतो. रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो. अनेक ठिकाणी तर येतच नाही, कारण तिथे रेडिओलॉजिस्ट नाही. देशात साधारण लाख लोकांमागे एक रेडिओलॉजिस्ट असा ढोबळ हिशोब सांगितला जातो, आणि त्यातले बरेचसे मोठ्या शहरांत आहेत.

हा फक्त गरीब देशांचा प्रश्न आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये उपचारपद्धती तपासणारी नाइस नावाची सरकारी संस्था आहे. तिने सांगितलंय की तातडीच्या विभागात 3 ते 10 टक्के फ्रॅक्चर नजरेतून सुटतात. जिथे यंत्रणा बऱ्यापैकी भक्कम आहे तिथे हे चित्र असेल, तर जिथे वाचणारा माणूसच नाही तिथली कल्पना करा.

सुटलेलं फ्रॅक्चर म्हणजे काय, याची दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं मनगटाचं. अंगठ्याच्या बाजूला मनगटात स्कॅफॉइड नावाचं छोटंसं हाड असतं. हात टेकून पडलं की ते मोडू शकतं. गंमत अशी की पहिल्या एक्स-रेमध्ये ते बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून जाणकार डॉक्टर नुसता एक्स-रे बघून सोडत नाहीत. ते अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघतात, दुखलं तर प्लास्टर घालतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय सांगतात. या हाडाचा रक्तपुरवठा कमी असतो. वेळेत उपचार झाला नाही तर ते जुळत नाही. डिलिव्हरी करणारा, वेल्डर, शिंपी, पोळ्या करून घर चालवणारी बाई यांचं सगळं पोट त्या मनगटावर असतं.

दुसरं खुब्याचं. म्हातारं माणूस पडलं, खुब्याचं हाड तडकलं, पण जागेवरून हललं नाही. असं माणूस कधीकधी चालतसुद्धा येतं. तेव्हाच कळलं तर स्क्रू टाकून भागू शकतं. आठवड्याने हाड सरकलं की सांधाच बदलायची वेळ येते. खर्च कुठल्या कुठे जातो, आणि अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस म्हणजे काय असतं हे ज्याच्या घरात झालंय त्याला विचारा.

म्हणजे आपल्या भाषेत ग्राहकाचं दुखणं आहे "वेळेत आणि बरोबर कळणं". एआय ही त्यावरची एक गोळी आहे, पूर्ण औषध नव्हे.

मशीन नक्की काय करतं?

हजारो एक्स-रे आणि त्यावर तज्ज्ञांनी केलेल्या खुणा दाखवून सॉफ्टवेअरला शिकवलं जातं. मग नवीन एक्स-रे टाकला की ते संशयाच्या जागी चौकोन काढतं आणि "इथे बघा" म्हणतं. काही सेकंदांचं काम.

अमेरिकेच्या एफडीएने मे 2018 मध्ये मनगटाचं फ्रॅक्चर शोधणाऱ्या ऑस्टिओडिटेक्ट नावाच्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. फ्रान्सच्या ग्लीमर कंपनीचं बोनव्ह्यू आज अनेक देशांत वापरलं जातं. आपल्या मुंबईत 2016 मध्ये सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीकडे छातीच्या एक्स-रेसोबत हाडांसाठीही सॉफ्टवेअर आहे. आणि 2025 च्या सुरुवातीला नाइसने फ्रॅक्चर शोधणारी चार सॉफ्टवेअर तातडीच्या विभागात वापरायला हिरवा कंदील दाखवला. पण अट काय घातली ते नीट वाचा: प्रत्येक एक्स-रे माणसाने बघायचाच, आणि वापरता वापरता पुरावाही गोळा करायचा.

गुडघा बदलायच्या ऑपरेशनमधले रोबो हा यातलाच आणखी एक भाग. पुण्यातल्या हॉस्पिटलांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. तो मोठ्या भांडवलाचा खेळ आहे, आज तो बाजूला ठेवू.

पुण्यातलं उदाहरण: डीपटेक

आता आपल्या गावाकडे या. डीपटेक ही पुण्यातली कंपनी. 2017 मध्ये रेडिओलॉजिस्ट डॉ. अमित खरात आणि तंत्रज्ञान क्षेत्रातले अजित पाटील यांनी ती सुरू केली. जपानच्या एनटीटी डेटाने आणि टाटा कॅपिटल हेल्थकेअर फंडाने तिच्यात पैसे घातले. मोठी कंपनी आहे, आपण तिची नक्कल करणार नाही. पण तिच्या वाटचालीतून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

एक, जोडी. एकाला आजार कळतो, दुसऱ्याला तंत्र कळतं. आपल्याकडे चार इंजिनिअर मित्र मिळून हेल्थकेअर स्टार्टअप काढतात आणि पहिला डॉक्टर त्यांना डेमोच्या दिवशी भेटतो. असं करू नका.

दोन, नुसतं सॉफ्टवेअर विकण्यापेक्षा काम करून देणं. हॉस्पिटलला एआय नको असतं, त्याला तयार रिपोर्ट हवा असतो. डीपटेकने रेडिओलॉजिस्ट आणि एआय एकाच प्लॅटफॉर्मवर आणले. मशीन आधी बघतं, डॉक्टर तपासून सही करतो, हॉस्पिटलला रिपोर्ट मिळतो.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. त्यांचं जेन्की नावाचं उत्पादन छातीच्या एक्स-रेवरून टीबीचा संशय शोधतं. चेन्नई महापालिकेच्या फिरत्या व्हॅनमध्ये ते वापरलं गेलं. आता प्रश्न असा की छातीच का? हाडं का नाहीत? पुण्यात फ्रॅक्चर काय कमी आहेत?

उत्तर आहे: पैसे कोण देणार? टीबी हा सरकारी कार्यक्रम आहे. त्याला बजेट आहे, उद्दिष्ट आहे. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 15 वर्षांवरच्या लोकांच्या टीबी तपासणीत एक्स-रे वाचायला माणसाऐवजी सॉफ्टवेअर चालेल असं मार्गदर्शक सूचनेतच सांगितलं. म्हणजे ग्राहक ठरलेला, पैसे ठरलेले, नियम ठरलेला. फ्रॅक्चरचं तसं नाही. मोडलेल्या हाडासाठी राष्ट्रीय तपासणी मोहीम नसते. एक्स-रेचे पैसे रुग्ण खिशातून देतो. त्याला "एआयचे जादा शंभर रुपये" सांगितले तर तो म्हणेल, डॉक्टर कशाला आहेत मग?

केनियात जा, नेपाळमध्ये जा, नाहीतर आपल्या गडचिरोलीत जा, हीच कथा. गरज प्रचंड आहे, पण त्या गरजेचं बिल कोणाच्या नावाने फाडायचं हे ठरलेलं नाही. बिझनेस प्लॅनमध्ये "मार्केट साइज" लिहिताना लोक गरज मोजतात. पैसे देणारा मोजा.

"90 टक्के अचूक" म्हणजे किती?

सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस पहिल्या स्लाइडवर एक आकडा दाखवतो: "आमची ॲक्युरसी 90 टक्के." टाळ्या. आता वही-पेन घ्या.

समजा महिन्याला 1,000 लोकांचे एक्स-रे झाले. त्यातल्या 100 जणांचं हाड खरंच मोडलंय, 900 जणांचं नाही. सॉफ्टवेअर मोडलेल्यांपैकी 90 टक्के पकडतं, म्हणजे 90 जण. 10 जण सुटले. आणि धडधाकट लोकांपैकी 90 टक्क्यांना ते बरोबर "ठीक" म्हणतं. उरलेल्या 10 टक्के, म्हणजे 90 धडधाकट लोकांच्या एक्स-रेवर ते उगाच चौकोन काढतं.

हिशोब जुळवा. मशीनने एकूण 180 जणांवर खूण केली, त्यातले निम्मे खरे आणि निम्मे खोटे. आणि 10 मोडलेले हात-पाय "नॉर्मल" म्हणून घरी गेले. आकडा खोटा नव्हता. पण तुम्ही त्या आकड्यावर विसंबून डॉक्टरच काढून टाकला, तर त्या 10 घरांना उत्तर द्यायला तुम्ही उभे आहात.

म्हणून विचारायचे आकडे दोन: मोडलेल्यांपैकी किती पकडता, आणि न मोडलेल्यांना किती वेळा उगाच घाबरवता? जो विक्रेता हे दोन आकडे वेगवेगळे सांगत नाही, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसऱ्याच्या मापाचा बूट

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईतल्या संशोधकांनी 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खुब्याचं फ्रॅक्चर ओळखायला शिकवलेलं मॉडेल बरं काम करत होतं. मग त्यांनी तपासलं की ते नक्की काय बघून ओळखतंय. कळलं असं की एक्स-रे कोणत्या मशीनवर काढला, कोणत्या परिस्थितीत काढला, अशा गोष्टींचाही माग मॉडेल काढत होतं. सोपं करून सांगायचं तर, जास्त आजारी माणसाचा एक्स-रे ज्या मशीनवर निघतो त्या मशीनची खूण पटली की फ्रॅक्चरची शक्यता जास्त, असा त्याचा अंदाज. संशोधकांनी दोन्ही गटांत या बाकीच्या गोष्टी सारख्या केल्या, आणि मॉडेलचा निकाल नाणं उडवल्यासारखा झाला.

यातून आपल्याला काय घ्यायचं? तिकडच्या हॉस्पिटलमध्ये, तिकडच्या मशीनवर शिकलेलं सॉफ्टवेअर वारजे किंवा हडपसरच्या जुन्या मशीनवर तसंच चालेल ही खात्री कोणी देऊ शकत नाही. आपल्याकडे तर एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलने फोटो काढतात आणि व्हॉट्सअॅपवर पाठवतात! बारीक तडा त्या फोटोतच हरवतो. मग एआयने काय बघायचं?

हा धडा पुण्याच्या हाडांच्या क्षेत्राला नवीन नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून सैनिकांना कृत्रिम हात-पाय बसवतंय. तिथे पाय माणसाच्या मापाने बनतो, माणूस पायाच्या मापाने नाही. संचेती हॉस्पिटलचे संस्थापक डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी "इंडस" हा देशी कृत्रिम गुडघा तयार केला. आपली माणसं खाली बसतात, मांडी घालतात, उकिडवं बसतात. आपल्याकडच्या अनेक बायकांच्या गुडघ्याचं मापही लहान असतं. बाहेरून आलेला गुडघा हे सगळं गृहीत धरून बनलेला नव्हता. जयपूर फूट याच विचारातून जन्माला आला: अनवाणी चालता येईल, शेतात चिखलात उतरता येईल असा पाय.

एआयलाही हेच लागू. आपल्या लोकांच्या, आपल्या मशीनवरच्या एक्स-रेवर ते तपासून घेतल्याशिवाय त्यावर विसंबायचं नाही. आणि हे तपासून देणं, त्यासाठी मशीनची आणि टेक्निशियनची शिस्त लावणं, हेसुद्धा काम आहे. त्याचे पैसे मिळतात.

मग तिसरी जागा कोणती?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. एक्स-रे निघाल्यापासून रुग्णाच्या पायाला योग्य प्लास्टर लागेपर्यंतची साखळी कागदावर काढा. एक्स-रे नीट काढणं, तो डिजिटल स्वरूपात पाठवणं, मशीनने आधी बघणं, डॉक्टरने वाचणं, रिपोर्ट हॉस्पिटलला पोहोचणं, रुग्णाला कळणं, त्याने परत येणं, उपचार, मग फिजिओथेरपी. या नऊ पायऱ्यांपैकी एआय एकच पायरी वेगाने करतं. उरलेल्या आठ ठिकाणी माणूस लागतो, आणि साखळी तुटते ती बहुतेक तिथेच.

सगळ्यात जास्त कुठे तुटते सांगू? रात्री अकराला रुग्ण घरी गेला. पहाटे रिपोर्टमध्ये आलं की खुब्याला तडा आहे. आता फोन कोण करणार? नंबर कोणाकडे आहे? फोन लागला नाही तर पुढे काय? मराठीत, न घाबरवता, "आजींना चालवू नका, गाडी करून आणा" हे कोण सांगणार? हे काम आज कोणाचंच नाही. म्हणूनच ते तुमचं होऊ शकतं.

छोट्या भांडवलात करता येतील अशी चार कामं बघू.

1. रिपोर्टिंगची जोडणी. उपनगरातली पाच-सात छोटी हॉस्पिटलं आणि एक्स-रे सेंटर एकत्र आणायची. दोन-तीन रेडिओलॉजिस्टशी करार करायचा. परवाना असलेलं सॉफ्टवेअर भाड्याने घ्यायचं. सॉफ्टवेअर संशयास्पद एक्स-रे रांगेत वर आणेल, डॉक्टर ते आधी वाचेल, आणि तुमचा माणूस रुग्णाला फोन करेल. तुम्ही विकताय "तातडीचा रिपोर्ट अर्ध्या तासात आणि रुग्णापर्यंत निरोप पोहोचल्याची नोंद".

2. एक्स-रे टेक्निशियनचं प्रशिक्षण. एक्स-रे वाकडा निघाला, एकाच बाजूने काढला, हात नीट ठेवला नाही, तर ना डॉक्टरला कळतं ना मशीनला. हाडाचा एक्स-रे किमान दोन बाजूंनी हवा. अनुभवी, निवृत्त टेक्निशियन पुण्यात आहेत. त्यांना जोडीला घेऊन सेंटरवर जाऊन दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि महिन्याला एक तपासणी, असं पॅकेज करता येतं. मशीन लागत नाही, जागा लागत नाही.

3. ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी. गुडघा बदलल्यावर अर्धं यश ऑपरेशनमध्ये आणि अर्धं नंतरच्या व्यायामात. फोनच्या कॅमेऱ्याने गुडघा किती अंशांत वाकतोय हे मोजणारी तंत्रं आता सहज उपलब्ध आहेत. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा घरी जाईल, बाकी दिवस रुग्ण फोनसमोर व्यायाम करेल, आकडा फिजिओला दिसेल. तुम्ही स्वतः फिजिओथेरपिस्ट असाल किंवा तुमची पार्टनर असेल, तर हा धंदा लाखाच्या आत सुरू होतो.

4. डेटाची तयारी. कंपन्यांना भारतीय एक्स-रे लागतात, नाव-पत्ता काढलेले आणि तज्ज्ञाने खुणा केलेले. हॉस्पिटलची एथिक्स कमिटी, लेखी करार आणि डॉक्टरची देखरेख असेल तरच हात घाला. ओळखीच्या टेक्निशियनकडून पेनड्राइव्हवर एक्स-रे घेणं हा धंदा नाही, गुन्ह्याला आमंत्रण आहे.

हिशोब करून बघू

पहिल्या कामाचं गणित मांडू. हे आकडे समजून घेण्यासाठी घेतलेत, बाजारभाव तुम्ही स्वतः काढायचे.

समजा 5 सेंटर, प्रत्येकाचे दिवसाला 20 एक्स-रे, महिन्याचे 25 दिवस. म्हणजे महिन्याला 2,500 एक्स-रे. सेंटरकडून तुम्ही एका रिपोर्टचे 60 रुपये घेता. उत्पन्न 1,50,000.

खर्च: डॉक्टरांना रिपोर्टमागे 35 रुपये, म्हणजे 87,500. सॉफ्टवेअर एक्स-रेमागे 8 रुपये, म्हणजे 20,000. फोन आणि समन्वय करणारी एक व्यक्ती 20,000. इंटरनेट, जागा, किरकोळ मिळून 10,000. व्यावसायिक जबाबदारीचा विमा आणि वकिलाची तरतूद 5,000. एकूण 1,42,500. हातात राहिले 7,500 रुपये. एवढ्यासाठी रात्री फोन उशाशी घेऊन झोपायचं? नाही परवडत.

आता तीच सेवा 70 रुपयांना विका. उत्पन्न 1,75,000, खर्च तोच, हातात 32,500. आठव्या सेंटरपर्यंत तीच समन्वयक व्यक्ती पुरली तर गणित आणखी सुधारतं.

प्रश्न असा की सेंटरवाला जादा 10 रुपये का देईल? "आमच्याकडे एआय आहे" म्हणून नाही देणार. "तुमच्या हॉस्पिटलचं फ्रॅक्चर सुटणार नाही, सुटलंच तर सकाळपर्यंत रुग्णाला फोन गेलेला असेल आणि त्याची नोंद तुमच्या हातात असेल" यासाठी देईल. कारण सुटलेल्या एका फ्रॅक्चरने त्याची किती बदनामी होते आणि नातेवाईक येऊन काय करतात, हे त्याला माहीत आहे. तुमचा नफा त्या 10 रुपयांत आहे, आणि ते 10 रुपये विश्वासाचे आहेत.

आणि म्हणूनच दुसरी बाजू. खर्च वाचवायला तुम्ही डॉक्टरचे 35 रुपये कापून नुसत्या सॉफ्टवेअरच्या जोरावर "नॉर्मल" रिपोर्ट पाठवायला लागलात, तर महिन्याला 87,500 जादा दिसतील. मोह होईल. मघाची 10 घरं आठवा. हा धंदा तिथेच संपतो, आणि संपायलाच हवा.

नियम: हे कंटाळवाणं आहे, पण वाचाच

एक, रिपोर्टवर सही नोंदणीकृत डॉक्टरचीच. मशीनचा रिपोर्ट हा डॉक्टरसाठी इशारा आहे, रुग्णासाठी निदान नाही.

दोन, भारतात वैद्यकीय निदानासाठीचं सॉफ्टवेअरसुद्धा वैद्यकीय उपकरण मानलं जातं. 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आणि 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेली व्याख्या यामुळे ते केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, यांच्या कक्षेत येतं. विक्रेत्याकडे परवान्याची प्रत मागा. "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर म्हणजे नाही.

तीन, स्वतःचं एक्स-रे सेंटर काढायचं असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. खोलीची रचना, भिंती, चालवणाऱ्याची पात्रता सगळं त्यात येतं. ऑनलाइन अर्ज होतो. आधी परवानगी, मग उद्घाटनाचा नारळ.

चार, रुग्णाची माहिती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो. रुग्णाच्या नावासकट एक्स-रे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय आजच सोडा.

पाच, किंमत कायम तुमच्या हातात राहील असं समजू नका. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत कराशिवाय 54,720 रुपयांवर आली. रुग्णांचा फायदा झाला, पण ज्यांचा सगळा धंदा मार्जिनवर उभा होता त्यांना एका रात्रीत नवीन गणित मांडावं लागलं. वस्तूवर उभा असलेला धंदा असा हलतो. चांगल्या सेवेवर उभा असलेला त्यामानाने टिकतो.

विक्रेत्याला विचारायचे पाच प्रश्न

- हे सॉफ्टवेअर कोणत्या देशातल्या, कोणत्या मशीनवरच्या एक्स-रेवर शिकलंय आणि भारतात कुठे तपासलंय?
- कोणती हाडं? मनगटाला चांगलं असलेलं सॉफ्टवेअर कोपराला चांगलं असेलच असं नाही.
- लहान मुलांवर चालतं का? मुलांच्या हाडांत वाढीच्या रेषा असतात, त्या तड्यासारख्या दिसू शकतात. बरीच सॉफ्टवेअर फक्त प्रौढांसाठी असतात.
- इंटरनेट गेलं तर काय? लाइट गेली तर काय?
- चूक झाली तर जबाबदारी करारात कोणाची लिहिली आहे?

पाचव्या प्रश्नावर समोरचा किती वेळ गप्प बसतो ते मोजा. सगळं कळेल.

या आठवड्याचं काम

लॅपटॉप उघडू नका. घराच्या आसपासच्या पाच किलोमीटरमधली छोटी हॉस्पिटलं आणि एक्स-रे सेंटर यांची यादी करा. किमान पाच ठिकाणी जा. काहीही विकू नका. फक्त तीन गोष्टी विचारा: रात्रीचे एक्स-रे कोण वाचतं? रिपोर्ट किती तासांनी येतो? रिपोर्टमध्ये नंतर काही निघालं तर रुग्णाला कोण कळवतं?

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं मिळतील. तिसऱ्याला बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांकडे बघतील. रिसेप्शनवरची ताई म्हणेल, "डॉक्टर सांगतात ना." डॉक्टर म्हणतील, "रिसेप्शनवरून फोन जातो." तिथे थांबा आणि वहीत त्या हॉस्पिटलचं नाव लिहा. तो तुमचा पहिला ग्राहक असू शकतो.

पाच ठिकाणी जाऊन आलात की तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं खाली लिहून पाठवा, हॉस्पिटलचं नाव न टाकता. पुढच्या व्हिडिओत त्या उत्तरांवरून आपण अशा सेवेचा करारनामा कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत हेल्मेट घाला आणि गाडी सांभाळून चालवा.